बॉल पायथनचा घरातला पहिला महिना

आमच्याकडे बॉल पायथन आला त्या रात्री माझी लेक जेवण अर्धवट टाकून त्याच्या काचेच्या टाकीसमोर जाऊन बसली. साप काही दिसला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी तिचा चेहरा पडला. “आई, त्याला आपलं घर आवडलं नाही का गं?” तेव्हा मलाही नीट सांगता आलं नव्हतं, आज सांगते. बॉल पायथन लपून बसला असेल तर त्याचं बरं चाललं आहे. ज्याचं बरं नाही तो दिवसाउजेडी टाकीभर फिरत राहतो, काचेच्या कडेला नाक घासतो आणि झाकण ढकलून बघतो.

आम्ही मिशिगनमध्ये राहतो. इथे कॉर्न स्नेक, बॉल पायथन पाळणं कुत्रं-मांजर पाळण्याइतकं नाही, पण बऱ्यापैकी रुळलेलं आहे, आणि आता मराठी घरांतली मुलंही सापाचा हट्ट धरू लागली आहेत. पहिल्या महिन्यात सापाला आपली सवय लावायची नसते. सगळी मेहनत तो यायच्या आधी करायची आणि तो आला की हात मागे घ्यायचे. नव्या पालकांना यातला दुसरा भागच फार जड जातो.

हा साप राहतो कुठे

बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, सेनेगलपासून युगांडापर्यंतच्या गवताळ आणि विरळ झाडीच्या प्रदेशातला. दिवसभर तो उंदरांच्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात पडून असतो आणि अंधार पडला की बाहेर येतो. बीळ म्हणजे अंधार, सगळ्या बाजूंनी अंगाला टेकणारी भिंत, ऊब आणि दमट हवा. या चार गोष्टी मनात पक्क्या धरा, म्हणजे पुढची प्रत्येक सूचना आपोआप पटेल. घाबरला की हा साप चावायला धावत नाही. डोकं मध्ये घेऊन अंगाचा घट्ट चेंडू करतो, म्हणून बॉल. ब्रिटनमध्ये त्यालाच रॉयल पायथन म्हणतात. तो बिनविषारी आहे, भक्ष्याला आवळून मारतो. बेनिनमधल्या विदा गावात अजगरांचं देऊळ आहे आणि तिथे हेच साप पूजले जातात. नागपंचमी पाहिलेल्या माणसाला हे काही फार परकं वाटणार नाही.

मोठा झाला की तो तीन ते पाच फुटांचा होतो, मादी नरापेक्षा मोठी. आणि जगतो वीस-तीस वर्षं, कधी त्याहूनही जास्त. सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीनं २०२० साली अंडी घातली तेव्हा तिचं वय साठीच्या पुढे असल्याचं तिथल्या लोकांनी सांगितलं होतं. आज दहा वर्षांच्या मुलासाठी आणलेला साप ते मूल कॉलेजला जाईल तेव्हा तुमच्याकडेच राहणार आहे. ही जबाबदारी घरातल्या मोठ्या माणसाची आहे, हे आधी स्वतःशी कबूल करा.

कायद्याचंही आधीच पाहून घ्या. अमेरिकेत राज्याराज्याचे आणि शहराशहराचे नियम वेगळे आहेत. हवाईत तर साप पाळायलाच बंदी आहे. भाड्याचं घर असेल तर करार वाचा. महाराष्ट्रातून हे वाचणाऱ्यांसाठी: आपला भारतीय अजगर किंवा कुठलाही देशी साप घरात पाळणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. बॉल पायथन परदेशी असला तरी त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे, आणि २०२४ च्या नियमांनुसार असा प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो. बँकॉकहून आलेल्या बॅगांमध्ये कोंबून आणलेले बॉल पायथन मुंबई आणि चेन्नईच्या विमानतळांवर पकडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. कागद नसलेला साप कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. त्या बॅगेत किती मेले असतील, याचा विचार करा.

साप येण्याआधी आठ दिवस: टाकी

साप आणि टाकी एकाच दिवशी घरी आणण्याची चूक बहुतेकजण करतात. टाकी आठ दिवस आधी लावा आणि रिकामीच चालू ठेवा. तापमान नि दमटपणा दिवसा किती, रात्री किती, हे कागदावर लिहीत जा. आकडे सलग तीन-चार दिवस जागेवर राहिले की मगच साप आणा.

पूर्ण वाढलेल्या सापाला चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकी लागते. पिल्लालाही मोठी टाकी चालते, फक्त ती मोकळी नको. पानांच्या प्लास्टिकच्या वेली, झाडाच्या सालीचे तुकडे, पुठ्ठ्याच्या नळ्या असं भरपूर सामान घाला, म्हणजे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे त्याला आडोशाआडून जाता येईल.

आता ऊब. टाकीचं एक टोक गरम आणि दुसरं थंड हवं, म्हणजे साप आपल्याला हवं तिथे सरकू शकतो. गरम टोकाला पृष्ठभाग ३२ ते ३४ अंश सेल्सिअस, म्हणजे साधारण ९० ते ९३ फॅरनहाइट. थंड टोकाला २४ ते २७, म्हणजे ७५ ते ८० फॅरनहाइट. रात्रीही २२ च्या खाली जाऊ देऊ नका. ऊब टाकीखाली ठेवायच्या तापणाऱ्या चटईनं, म्हणजे हीट मॅटनं द्या, वरच्या सिरॅमिक हीटरनं द्या किंवा हॅलोजनच्या दिव्यानं द्या, पण थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान ठरलेल्या आकड्यावर राखणाऱ्या यंत्राशिवाय, काहीही लावू नका. याला अपवाद नाही. थर्मोस्टॅट नसलेली हीट मॅट काच इतकी तापवते की सापाचं पोट भाजतं, आणि साप चटका बसला तरी पटकन बाजूला होत नाही, तिथेच पडून राहतो. वर लावलेल्या हीटरला जाळीचं आवरण हवं. दुकानात ‘हीट रॉक’ म्हणून तापणारा दगड मिळतो, तो मुळीच नको.

थर्मोस्टॅटचा सेन्सर नीट चिकटवा. आमच्याकडचा एकदा सुटून थंड कोपऱ्यात घरंगळला होता. थर्मोस्टॅटला वाटलं टाकी गार पडली, म्हणून त्यानं मॅट चालूच ठेवली. टाकी रिकामी असताना हे घडलं, म्हणून निभावलं. आठ दिवस आधी लावायचं ते यासाठीच.

काचेला चिकटवायचे गोल काट्याचे मापक दिसायला छान असतात, पण त्यांचा आकडा खरा नसतो. दोन डिजिटल मापकं घ्या, एक गरम टोकाला, एक थंड टोकाला. जमिनीचं तापमान बघायला इन्फ्रारेड थर्मामीटर घेतलात तर उत्तम, फार महाग नसतो.

दमटपणा ६० ते ७० टक्के ठेवायचा. इथल्या हिवाळ्यात घरातली हीटिंग सुरू झाली की हवा इतकी कोरडी होते की आपलेच ओठ फुटतात, मग सापाच्या कातड्याचं काय होत असेल! नारळाच्या सोडणाचे तुकडे तीन-चार इंच जाड पसरा. पाणी वरून फवारत बसू नका, कोपऱ्यांतून ओता म्हणजे खालचा थर ओला राहतो आणि वरचा कोरडा. सतत ओल्या जागेवर पडून राहिलं की सापाच्या पोटाचे खवले सडतात. वरचं झाकण जाळीचं असेल तर त्याचा बराचसा भाग अॅल्युमिनियम फॉइलनं झाका, मात्र हीटरखालची जागा उघडी ठेवा. देवदार आणि पाइनचा भुसा अजिबात वापरू नका, त्यातली तेलं सापांना बाधतात.

आणि लपणं, म्हणजे लपायच्या जागा. दोन हवीत, दोन्ही एकसारखी, एक गरम टोकाला, एक थंड टोकाला. एकच लपण ठेवलं तर साप सुरक्षितपणासाठी गरमीत शिजत बसेल किंवा गारठत बसेल. लपण एवढंच असावं की वेटोळं घातलेल्या सापाची पाठ त्याच्या छताला आणि भिंतींना टेकेल. आपल्याला प्रशस्त वाटतं ते त्याला उघड्यावर बसल्यासारखं वाटतं. महागडी गुहा नको, दार कापलेला काळा प्लास्टिकचा डबा चालतो, फक्त कडा घासून गुळगुळीत करा.

पाण्याचं भांडं जड सिरॅमिकचं घ्या, उलटणार नाही असं. पाणी रोज बदला. दुधाचा विषय इथेच संपवते: साप दूध पीत नाही. माझ्या सासूबाईंनी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर फार मायेनं विचारलं होतं की वाटीभर दूध ठेवलंस का. त्यांना सांगितलं की त्याला ते पचत नाही. त्यांनीही लगेच मानलं.

झाकणाला कुलूप किंवा घट्ट खिट्टी हवी. हा साप नाकानं झाकण उचलतो आणि मुंडकं शिरलं की अंगही शिरतं.

साप निवडताना

माणसाच्या घरात अंड्यातून जन्मलेला आणि काही वेळा खाल्लेला साप घ्या. आफ्रिकेतून पकडून आणलेले किंवा तिथल्या अंड्यांतून काढून लगेच पाठवलेले साप घाबरलेले असतात, अंगावर परजीवी घेऊन येतात आणि खाणं धरायला फार त्रास देतात. विकणाऱ्याला चार प्रश्न विचारा: शेवटचं कधी खाल्लं, काय खाल्लं (माउस म्हणजे लहान उंदीर की रॅट म्हणजे मोठा, जिवंत की गोठवलेलं), कात कधी टाकली, वजन किती. ही उत्तरं लिहून ठेवा, पुढच्या आठवड्यात लागणार आहेत. ज्याला उत्तरं देता येत नाहीत त्याच्याकडून घेऊ नका. साप हातात धरून बघा: श्वासाचा आवाज नको, तोंडाशी बुडबुडे नकोत, खवल्यांच्या फटीत काळे ठिपके नकोत. ‘स्पायडर’ नावाच्या रंगप्रकारात डोकं डुगडुगण्याचा जन्मजात मज्जादोष असतो. रंग सुंदर आहे, पण माझं स्पष्ट मत आहे की तो घेऊ नये. मागणी राहिली तर पैदासही चालू राहते.

तो दिवस आणि पहिला आठवडा

साप कापडी पिशवीत बांधून, पिशवी हवेशीर डब्यात ठेवून आणा. गाडी उबदार असू द्या आणि वाटेत कुठे थांबू नका. घरी आलात की पिशवी टाकीत लपणाच्या तोंडाशी ठेवा, गाठ सोडा, झाकण लावा आणि उठा. फोटो नंतर काढा.

पहिले एक-दोन महिने सोडणाऐवजी पांढरे पेपर टॉवेल पसरले तर बारीक माइट्स (सापाचं रक्त शोषणारे किडे) असतील तर ते लगेच दिसतात, विष्ठाही दिसते. मग दमटपणासाठी ओलं शेवाळ भरलेला एक जादा डबा ठेवा, त्याला दार कापून. घरात आधीचा साप असेल तर नव्याला निदान तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवा आणि त्याचं काम शेवटी करा.

टाकीच्या तीन बाजूंना जुनी चादर किंवा कागद लावा. टीव्ही, स्पीकर यांच्यापासून टाकी लांब हवी, कारण सापाला जमिनीतून येणारी थरथर फार जाणवते. दिवसा बारा तास साधा उजेड, रात्री अंधार. लाल-निळे दिवे नकोत. या आठवड्यात रोज फक्त पाणी बदला, घाण असेल तर उचला आणि आकडे लिहा. लपण उचलून ‘आहे ना?’ असं बघू नका. लेकीशी आम्ही ठरवलं की रात्री दिवे मालवल्यावर पाच मिनिटं लांबून, गप्प बसून बघायचं. पाचव्या रात्री लपणाच्या दारातून आधी जीभ आली, मग नाक, मग बराच वेळ काहीच नाही. वरच्या ओठावरच्या त्या बारीक खाचा तिनं पहिल्यांदा पाहिल्या. त्या खाचांनी त्याला गरम अंगाच्या प्राण्याची ऊब कळते. म्हणजे आम्ही त्याला बघत होतो तेवढाच तोही आम्हाला ओळखून होता.

पहिला घास

आठवडा उलटला की खायला द्यायचं. त्याआधी घरातला एक प्रश्न सोडवून घ्या: गोठवलेले उंदीर ठेवायचे कुठे? आमच्या घरात मांसाहार नाही. माणसांच्या अन्नाच्या फ्रीजरमध्ये ते नकोतच, स्वच्छतेच्या दृष्टीनंही नकोत. आम्ही गॅरेजमध्ये छोटा वेगळा फ्रीजर घेतला. ज्यांना घरात उंदीर आणणंच मनाला झेपणार नाही त्यांनी हा प्राणी आणू नये. तो मांसाशिवाय दुसरं काही खाऊ शकत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही.

जिवंत उंदीर देऊ नका. घाबरलेला उंदीर सापाला चावतो आणि जखमा खोल होतात. विकणाऱ्यानं जे दिलं होतं तेच आणि तेवढंच, किंबहुना थोडं लहान, पहिल्यांदा द्या. जाडी सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाइतकी, त्याहून जास्त नको. लहान सापाला त्याच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के, दर सात ते दहा दिवसांनी. मोठ्याला त्याहून हलकं आणि पुष्कळ कमी वेळा.

उंदीर आदल्या रात्री फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात बंद डब्यात ठेवून वितळू द्या. संध्याकाळी झिपच्या पिशवीत घालून गरम पाण्यात वीस मिनिटं. मायक्रोवेव्ह कधीही नाही, आतून शिजतो आणि फुटतो. बाहेर काढून कोरडा पुसा. डोकं अंगापेक्षा थोडं जास्त गरम हवं, ३८ अंशांच्या आसपास, कारण साप उबेवरून नेम धरतो. खोलीतला दिवा मंद करा, फूटभर लांब चिमट्यानं उंदराची शेपूट किंवा पाठ धरा आणि लपणाच्या दारासमोर, थोडं अंतर ठेवून, हळू हलवा. नाकाला लावू नका, वरून आणू नका. वरून येतो तो शिकारी.

तो काय करतो ते बघा. जीभ भराभर आत-बाहेर होऊ लागली, मान इंग्रजी एससारखी वळली, तर तसेच स्थिर राहा. झडप पापणी लवण्याआधी होते. त्यानं वेटोळं घातलं की चिमटा सोडा, हळूच झाकण लावा. त्यानं डोकं मागे घेतलं, चेंडू केला, तर थांबा. उंदीर एका झाकणीवर लपणाजवळ ठेवा, दिवा मालवा, निघून जा. अनेक बॉल पायथन असेच, कोणी बघत नसताना, रात्री खातात. सकाळी तसाच असेल तर टाकून द्या, पुन्हा गोठवू नका. सापाला खाण्यासाठी दुसऱ्या डब्यात हलवण्याची गरज नाही, त्यानं तो बिथरतोच.

नाही खाल्लं तर? पुन्हा पाच-सात दिवस काहीही करू नका. नवी माणसं इथेच चुकतात: काळजीपोटी रोज उंदीर नाचवतात, मध्ये काढून वजन करतात, लपणं बदलतात, आणि साप अजून घाबरतो. आधी आकडे तपासा. गरम टोक खरंच गरम आहे का? लपण घट्ट आहे का? दमटपणा घसरला आहे का? न खाणाऱ्या बॉल पायथनच्या बहुतेक तक्रारी टाकीतच सापडतात. टाकी ठीक असेल तर धीर धरा. हा साप उपाशी राहण्यात तरबेज आहे, तब्येतीचा मोठा साप हिवाळ्यात काही महिने सहज खात नाही. पिल्लाच्या बाबतीत एवढं थांबू नका. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यासारखा एक काटा सापासाठी वेगळा ठेवा. वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलं तर सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरांकडे न्या. अशा डॉक्टरांचा नंबर साप आणायच्या आधीच शोधून ठेवा, सगळ्या पशुवैद्यांना सापातलं कळतंच असं नाही. श्वासाला शिट्टीसारखा आवाज, उघडं तोंड, नाकातोंडाशी बुडबुडे, पाण्याच्या भांड्यात मिरीच्या पुडीसारखे काळे कण, यातलं काही दिसलं तर वजन उतरायची वाट बघू नका.

याच महिन्यात कदाचित तो कात टाकेल. रंग मळकट होतो, डोळे निळसर दुधाळ होतात, त्याला नीट दिसत नाही. तेव्हा उंदीर देऊ नका, दमटपणा ८० टक्क्यांपर्यंत वाढवा आणि कात सोलायला जाऊ नका. डोळे पुन्हा स्वच्छ झाले की काही दिवसांत कात पडते. ती एकसंध मोज्यासारखी निघाली तर तुमचा दमटपणा बरोबर आहे. तुकड्या-तुकड्यांत निघाली तर कमी आहे. डोळ्यांवरच्या दोन गोल चकत्या कातेत आल्या आहेत ना, ते उजेडात धरून पाहा.

हातात घेणं

सलग दोन-तीन वेळा खाल्लं की मगच. खाल्ल्यानंतर निदान दोन दिवस, पोटाचा फुगवटा दिसत असेल तर तो जाईपर्यंत, हात लावू नका, नाहीतर खाल्लेलं ओकतो. हात साबणानं धुवा, उंदराचा वास राहिला तर बोट हेच जेवण समजतो. नंतरही धुवा, सापांच्या अंगावर साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जंतू असू शकतात. पाच वर्षांखालच्या मुलांना साप हाताळू देऊ नये, असं अमेरिकेचं आरोग्य खातंही सांगतं. घरात पासष्टीपुढचं किंवा नाजूक तब्येतीचं कोणी असेल तर त्यांच्यासाठीही तेच.

टाकी उघडल्यावर आधी कागदाच्या गुंडाळीनं त्याच्या अंगाला हलकेच स्पर्श करा, म्हणजे त्याला कळतं की हे जेवण नाही. मग बाजूनं हात घाला, अंगाच्या मध्यभागी, दोन्ही तळव्यांनी खालून आधार देत. डोक्याला हात नको, पकडून ठेवणं नको. पहिल्या वेळी पाच मिनिटं, आठवड्यातून एक-दोनदा, जमिनीवर किंवा सोफ्यावर बसून.

आमच्या लेकीनं पहिल्यांदा घेतलं तेव्हा अठ्ठावीस दिवस झाले होते. तिच्या ओंजळीत त्याचा चेंडूच होता, डोकं कुठे आहे तेही कळत नव्हतं. ती हलली नाही, बोलली नाही. तीनेक मिनिटांनी चेंडूची एक वळी सैल झाली, मनगटावरून खाली सरकली, आणि मधून बाहेर आलेलं डोकं तिच्या बाहीच्या अंधाऱ्या तोंडाकडे वळलं.